पत्र पाठविण्याची साधी रीत

गेल्या पालकसभेंत एका सद्गृहस्थांनीं मला एक प्रश्न विचारला. "माझा मुलगा घरीं मोबाईलवरून बोटाच्या एका स्पर्शानें ईमेल पाठवितो. मग शाळेंत संगणकाच्या तासाला त्याला काळ्या पडद्यापुढें बसवून, एकेक आज्ञा टंकावयास लावून, तेंच पत्र पाठवावयास आपण कशाकरितां शिकवितां? मोटार दारांत उभी असतां बैलगाडी जुंपण्याचाच हा प्रकार नव्हे काय?" सभेंत थोडा हंशा पिकला. वेळ थोडा असल्यामुळें मला पुरतें उत्तर देतां आलें नाहीं. परंतु प्रश्न प्रामाणिक होता व त्याला प्रामाणिक उत्तर मिळावयास पाहिजे. म्हणून या वार्षिकांत मिळालेल्या चार पानांचा उपयोग मी त्याच कामीं करीत आहें.

माझें मत प्रथमच सांगून टाकतों. रोजच्या व्यवहारांत ही रीत कोणीं वापरावी असा माझा मुळींच आग्रह नाहीं. परंतु प्रत्येक विद्यार्थ्यानें शाळा सोडण्यापूर्वीं निदान एकदां तरी या साध्या रीतीनें पत्र पाठवून पाहावें, असें मला मनापासून वाटतें. कारण पत्र कसें बांधलें जातें हें ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें आहे, तो खोट्या पत्रानें सहसा फसत नाहीं, आणि स्वतः पत्र धाडतांना निष्काळजीपणाही करीत नाहीं.

रीत ती काय, हें आधीं पाहूं. लिनक्स अथवा तत्सम प्रणालीच्या संगणकावर 'टर्मिनल' नांवाची एक खिडकी असते. तींत चित्रें नसतात, बटणें नसतात. एक ओळ लिहून एन्टरची कळ दाबावी, कीं संगणक ती आज्ञा पाळतो. तेथें 'मेल' हा शब्द लिहावा. पुढें एक आडवी रेघ व 'एस' हें अक्षर देऊन अवतरणचिन्हांत पत्राचा विषय लिहावा. आणि शेवटीं ज्याला पत्र पाठवावयाचें त्याचा पत्ता द्यावा. एन्टर दाबल्यावर मजकूर लिहीत जावें. लिहून झालें कीं नव्या ओळीवर 'कंट्रोल' व 'डी' या कळा एकत्र दाबाव्या, पत्र गेलें! मध्येंच विचार बदलला तर 'कंट्रोल' व 'सी' या कळा दोनदां दाबाव्या. पत्र रद्द होतें, आणि अर्धवट मजकूर बहुधा 'डेड लेटर' नांवाच्या फाईलींत पडून राहतो. टपालखात्यांत पूर्वीं बेवारशी पत्रांचें 'डेड लेटर ऑफिस' असे, त्याची येथें आठवण होते.

ही आज्ञा आजकालची नव्हे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं यूनिक्स ही प्रणाली निर्माण केली. तिची पहिली मार्गदर्शिका नोव्हेंबर १९७१ ची आहे, व तींत 'मेल' ही आज्ञा आढळते. त्या वेळीं या आज्ञेनें पत्र जाई तें त्याच यंत्रावर काम करणाऱ्या दुसऱ्या माणसास. त्याच १९७१ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील केंब्रिज येथें रे टॉमलिन्सन या अभियंत्यानें अर्पानेट या जाळ्यावरून एका यंत्राचें पत्र दुसऱ्या यंत्रावर धाडलें, आणि माणसाचें नांव व यंत्राचें नांव यांच्यामध्यें आज सर्वपरिचित असलेलें 'ॲट' हें चिन्ह योजलें. पुढें १९७८ च्या सुमारास बर्कले येथील विद्यापीठांत कर्ट शून्स यानें 'मेल'ची सुधारलेली आवृत्ति तयार केली. आज आपल्या वर्गांतील मुलें जी आज्ञा टंकतात, ती तिच्याच वंशांतली.

परंतु मुलांना मी जें दाखवितों तें याच्याही एक पायरी खालचें आहे. 'मेल' ही आज्ञा पत्र घेऊन स्वतः फार लांब जात नाहीं. ती तें दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामाच्या हवालीं करते. 'एम-एस-एम-टी-पी' हा असाच एक लहानसा प्रोग्राम. त्याला आलेलें पत्र वाचतां येत नाहीं कीं जपून ठेवतां येत नाहीं. पत्र टपालाच्या सर्व्हरपर्यंत नेऊन पोंचविणें एवढेंच त्याचें काम. जुन्या काळच्या जासुदासारखें. पण 'काय बोलतोस तें दाखीव' असें त्याला सांगितलें, तर सर्व्हराशीं होणारें सारें संभाषण तो पडद्यावर मांडतो, आणि एरव्हीं चुळबुळ करणारीं मुलें टक लावून तें वाचतात.

हें संभाषण ज्या नियमांनीं चालतें, ते जॉन पोस्टेल यांनीं ऑगस्ट १९८२ मध्यें प्रसिद्ध केले. पुढें त्यांत भर पडली, पण गाभा तोच आहे. सर्व्हर प्रथम '२२०' म्हणतो. म्हणजे 'मी हजर आहें.' प्रोग्राम नमस्कार करून आपलें नांव सांगतो. सर्व्हर '२५०' म्हणतो, म्हणजे 'ठीक.' आज यापुढें बोलणें गुप्त करण्याची व पासवर्ड देण्याची पायरी असते. मग प्रोग्राम सांगतो, 'पत्र अमक्याकडून.' उत्तर, '२५०.' 'पत्र अमक्यास.' पुन्हां '२५०.' 'आतां मजकूर.' यावर सर्व्हर '३५४' म्हणतो. म्हणजे 'सांगत जा, आणि संपलें कीं एका ओळीवर नुसतें टिंब दे.' मजकूर संपतो, तें एकाकी टिंब येतें, सर्व्हर '२५०' म्हणतो, आणि निरोप घेतांना '२२१'.

एका मुलीनें लगेच विचारलें, "सर, माझ्या मजकुरांतच एखाद्या ओळीवर नुसतें टिंब असलें, तर पत्र तेथेंच तुटेल ना?" प्रश्न ऐकून मला धन्य वाटलें. नियम करणाऱ्यांनाही तो सुचला होता. ओळीच्या आरंभीं टिंब असेल तर पाठविणारा प्रोग्राम त्याच्यापुढें आणखी एक टिंब ठेवतो, आणि घेणारा सर्व्हर तें काढून टाकतो. बोटाच्या स्पर्शानें पत्र पाठविणाऱ्या मुलाच्या मनांत हा प्रश्न कधीं तरी उद्भवला असता काय? तसेंच, शेवटचें '२५०' हें उत्तर काय सांगतें तेंही मुलांना येथेंच कळतें. सर्व्हरनें पत्र पुढें नेण्याची जबाबदारी घेतली, इतकाच त्याचा अर्थ. पत्र वाचलें गेलें असा नव्हे. पेटींत टाकलेलें कार्ड म्हणजे पोंचलेलें कार्ड नव्हे, हें आपल्या आजोबांना ठाऊक होतें. आपण तें विसरत चाललों आहों.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. वर जें 'अमक्याकडून, अमक्यास' सर्व्हराला सांगितलें, तें झालें पाकिटावरचें लिखाण. पत्राच्या आंत पुन्हां वेगळा मायना असतो: पाठविणाऱ्याचें नांव, घेणाऱ्याचें नांव, तारीख, विषय, मग एक कोरी ओळ, आणि तिच्याखालीं मजकूर. आपला लहान प्रोग्राम जें हातीं द्याल तें नेतो, म्हणून हा मायना मुलांना स्वतःच लिहावा लागतो. टपाल चालतें तें पाकीट पाहून; वाचणाऱ्याला दिसतो तो मायना. आणि हीं दोन्हीं जुळलींच पाहिजेत, असें मूळच्या नियमांत कोठेंही नाहीं. याचा सदुपयोगही आहे. इतरांस न दाखवितां एखाद्यास प्रत पाठवावयाची असल्यास त्याचें नांव पाकिटावर घालतात, मायन्यांत घालीत नाहींत. पण जें सोयीसाठीं ठेवलें, त्याचाच लबाडीसाठीं उपयोग होतो.

हें मुलांना पटावें म्हणून मीं एक प्रयोग केला. वर्गांतील आमचा सर्व्हर शाळेच्या भिंतीबाहेर कांहींच धाडीत नाहीं, आणि मुख्याध्यापकांची परवानगी मीं आधींच घेतली होती. मायन्यांत त्यांचें नांव घालून 'उद्यां शाळेस सुट्टी आहे' असें पत्र मीं सर्व मुलांना पाठविलें. पत्र उघडतांच वर्गांत एकच जल्लोष झाला. मग मीं पाकीट व मायना शेजारीं शेजारीं पडद्यावर मांडले, आणि हळूहळू सारा वर्ग शांत झाला. शेवटीं मागच्या बांकावरून एक मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, हें कोणालाही करतां येतें?" त्या दिवसाचा धडा तेथें पुरा झाला.

हंसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हे. गेल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थ्याच्या मातोश्रींना असेंच एक पत्र आलें. वर शाळेचें नांव, खालीं शाळेचें बोधचिन्ह, भाषा अदबीची. सहामाही फी जमा झालेली नाहीं. आज संध्याकाळपर्यंत पुढील खात्यावर भरावी, अन्यथा मुलास परीक्षेस बसतां येणार नाहीं, असा मजकूर. बिचाऱ्या बाईंनीं शिवणकामांतून सांठविलेली रक्कम तासाभरांत भरून टाकली. दुसऱ्या दिवशीं पावती मागावयास त्या शाळेंत आल्या, तेव्हां कळलें कीं शाळेनें असें पत्र धाडलेंच नव्हतें. ते पैसे परत मिळाले नाहींत. त्यांचें चुकलें कोठें? त्यांनीं नांव पाहिलें व नांवावर विश्वास ठेवला. फोनच्या पडद्यावर बहुधा नांवच तेवढें दिसतें. पत्ता पाहावयाचा तर त्या नांवावर बोट ठेवावें लागतें, हें त्यांना कोणीं सांगितलेंच नव्हतें. हा दोष त्यांचा म्हणावा कीं आम्हां शिकविणाऱ्यांचा?

दुसऱ्याच्या नांवानें पत्र धाडण्याची विद्या कांहीं संगणकानें जन्मास घातलेली नाहीं. पौलानें थेस्सलनीकाकरांस लिहिलेलें दुसरें पत्र आपल्या मुलांनीं शास्त्रपाठाच्या तासाला वाचलें आहे. आपल्या नांवानें आलेल्या एखाद्या पत्रामुळें मंडळीनें गांगरून जाऊं नये, असा इशारा तो त्यांत देतो. आणि शेवटचा नमस्कार स्वतःच्या हातानें लिहून, तीच आपल्या पत्रांची खूण असल्याचें कळवितो. आपल्या पुण्याची गोष्ट तर घरोघरीं ठाऊक आहे. १७७३ सालीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आज्ञापत्रांत 'धरावें' असें होतें, तें वाटेंत 'मारावें' झालें, अशी आख्यायिका आहे. तिची ऐतिहासिक शहानिशा कशीही होवो. 'ध चा मा करणें' हा वाक्प्रचार मराठींत कायमचा रुजला. एका गोष्टींत भय खोट्या लेखकाचें, दुसरींत भय बदललेल्या मजकुराचें.

आजच्या टपालानें या दोन्हीं भयांवर उपाय योजलेले आहेत. आपल्या नांवानें पाकिटें धाडण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे, याची यादी संस्था जाहीर करून ठेवते. या व्यवस्थेस 'एस-पी-एफ' म्हणतात. 'डी-किम' या दुसऱ्या व्यवस्थेंत पाठविणारें यंत्र मजकुरावर व मायन्यांतील मुख्य ओळींवर एक गणिती मोहोर उठवितें. मग वाटेंत एका अक्षराचा जरी 'ध चा मा' झाला, तरी मोहोर जुळत नाहीं. तिसरी 'डी-मार्क'. मायन्यांत दिसणाऱ्या पत्त्याशीं पहिल्या दोहोंपैकीं एकीचा तरी मेळ बसतो कीं नाहीं हें ती पाहते. परंतु या मोहोरा एवढेंच सांगतात कीं पत्र अमक्या डोमेनकडून आलें. त्या डोमेनचा धनी सज्जन आहे कीं दुर्जन, हें त्या सांगत नाहींत. शाळेच्या नांवांत एक अक्षर बदलून कोणीं नवें डोमेन विकत घेतलें, तर त्याच्याही पत्रावर अगदीं अस्सल मोहोर उठते. तेथें शेवटीं माणसाचा डोळाच कामास येतो. आणि तो डोळा तयार करणें हें शाळेचें काम आहे.

हें झालें पत्र घेणाऱ्याविषयीं. पाठविणाऱ्याची जबाबदारी मला माझ्याच एका चुकीनें शिकविली. आज्ञेच्या ओळीचें सामर्थ्य असें कीं, तीच आज्ञा पुनःपुन्हां चालव म्हणून सांगितलें तर चाळीस पत्रें पाहतां पाहतां जातात. कांहीं वर्षांपूर्वीं चाचणीचे गुण पालकांना कळविण्यासाठीं मीं असेंच केलें. पत्त्यांच्या यादीवर मथळ्याची एक ओळ होती. गुणांच्या यादीवर नव्हती. त्यामुळें सारें एका ओळीनें सरकलें, आणि प्रत्येक घरीं भलत्याच मुलाचे गुण जाऊन पोंचले. पत्रांत मुलाचें नांव घालण्याची तसदीही मीं घेतली नव्हती. एका हुशार मुलाला त्या संध्याकाळीं न केलेल्या चुकीबद्दल घरीं बोलणीं खावीं लागलीं. मीं घरोघरीं फोन करून क्षमा मागितली. पण गेलेलीं पत्रें मला परत आणतां आलीं नाहींत. पाठविलेलें पत्र परत बोलावण्याची आज्ञा या रीतींत नाहीं. सोयीच्या प्रोग्रामांत 'परत घ्या' असें बटण असतें, तें बहुधा पत्राला कांहीं सेकंद रोखून धरतें, इतकेंच. तेव्हांपासून माझा नियम असा कीं, कोणतेंही पत्र पुष्कळांना धाडावयाचें तर तें प्रथम स्वतःला धाडावें, उघडावें, वाचावें, मगच इतरांना.

मराठी मुलांना या रीतींत आणखी एक अडचण येते, पण तीही शिकविणारी आहे. १९८२ चे नियम इंग्रजी अक्षरांपुरते होते. मायना व मजकूर त्यांतच मावला पाहिजे असे. पुढें १९९२ मध्यें नथॅनियल बोरेनस्टीन व नेड फ्रीड यांनीं 'माईम' नांवाचे पूरक नियम प्रसिद्ध केले, त्यामुळें इतर लिप्यांना टपालांत वाट मिळाली. त्याच वर्षीं वर उल्लेखिलेले केन थॉम्पसन आणि रॉब पाईक यांनीं 'यू-टी-एफ-८' ही अक्षरलेखनाची पद्धति काढली. तींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाईट लागतात, आणि टपालाच्या वेष्टनांत त्या तिहींचीं चार रोमन चिन्हें होऊं शकतात. म्हणजे 'आई' हा आपला दोन अक्षरांचा शब्द वाटेंत आठ रोमन चिन्हांचा वेष पांघरून जातो, आणि पोंचल्यावर पुन्हां 'आई' होतो! मात्र आंत कोणती लिपि कशी बांधली आहे, हें मायन्यांत लिहिलें पाहिजे. एका मुलानें आपल्या आजीला पत्र लिहिलें व ती ओळ घालावयास विसरला. आजीच्या पडद्यावर नुसत्या वेड्यावांकड्या खुणा उमटल्या. दुसऱ्या दिवशीं ती ओळ घालून त्यानें पत्र पुन्हां धाडलें, आणि आजीचें उत्तर छापून वर्गांत आणलें. मराठींत पत्र जातें यामागें कोणाचे तरी श्रम आहेत, हें त्याला आतां कोणीं सांगावयास नको.

या रीतीचे दोषही सांगितले पाहिजेत. छायाचित्र जोडावयाचें तर ही फारच गैरसोयीची. आलेलीं पत्रें वाचावयास दुसरा प्रोग्राम लागतो. शिवाय या लहान प्रोग्रामास सर्व्हरचें नांव, दाराचा क्रमांक (बहुधा ५८७), वापरणाऱ्याचें नांव व पासवर्ड एका साध्या फाईलींत लिहून द्यावा लागतो. ती फाईल इतरांस वाचतां येऊं नये अशी बंद केली नाहीं, तर तिजोरीची किल्ली दारावर टांगल्यासारखें होईल. म्हणून आम्ही मुलांना पासवर्ड त्या फाईलींत न लिहितां कुलुपबंद ठेवावयास व लागेल तेव्हां तेथूनच मागवून घ्यावयास शिकवितों. परंतु सोयीच्या प्रोग्रामांतही पासवर्ड कोठें तरी ठेवलेला असतोच. तो कोठें आहे, हें आपण कधीं विचारीत नाहीं, इतकाच भेद.

आतां त्या सद्गृहस्थांच्या दृष्टान्ताकडे येतों. मोटार असतां बैलगाडी कशाला, हें अगदीं खरें. आम्हीही मुलांना मोटार सोडा म्हणत नाहीं. एकदां मोटारीचें झांकण उघडून आंत काय चाललें आहे तें पाहा, एवढेंच म्हणतों. ज्यानें तें पाहिलें आहे, तोच गाडी वाटेंत कुरकुरूं लागली कीं वेळींच थांबतो.

पालकांना माझी विनंति एवढीच. पैसे मागणारें, घाई करणारें, धमकी देणारें पत्र आलें, तर नांव पाहून थांबूं नका. पुरता पत्ता अक्षर अक्षर लावून वाचा. त्या पत्रांत दिलेल्या क्रमांकावर फोन न करतां, आपल्या जवळ आधींपासून असलेल्या क्रमांकावर करा. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसतां सरकारच्या १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवा. जितका उशीर तितकी रक्कम दूर जाते. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस सांगणें इतकेंच कीं, दुसऱ्याच्या नांवानें पत्र धाडतां येतें हें तुम्हीं पाहिलें आहे. येतें म्हणून करावें असें नाहीं. पौलानें स्वतःच्या हातचा नमस्कार ही आपली खूण ठेवली. तुमचीही खूण हीच असूं द्या कीं, तुमच्या नांवानें आलेल्या पत्रांतला शब्द न् शब्द तुमचाच आहे.

प्रश्न विचारणाऱ्या सद्गृहस्थांना माझें आग्रहाचें निमंत्रण आहे. त्यांनीं एखाद्या शनिवारीं आमच्या वर्गांत यावें, मुलाच्या शेजारीं बसावें, आणि काळ्या पडद्यावर आपल्या हातानें मायना लिहून एक पत्र धाडावें. तें कोणास धाडावें हें मीं सांगावयास नकोच; तो शेजारींच बसलेला असेल.